मोटारीचा हिसका : दोष कोणाचा, दंड कोणाला?



वऱ्हाडच्या माणसाला बैलगाडीचे निदान शिकवावे लागत नाही. चालता चालता गाडी हिसके देऊ लागली, तर गाडीवान खाली उतरतो. प्रथम बैलाचा पाय पाहतो, खुरात काटा रुतला आहे काय हे तपासतो. मग जू आणि जोती चाचपतो. तेथेही काही न आढळले तर चाक हलवून आख पाहतो, वंगण आहे की आटले हे पाहतो. पहिल्या हिसक्यालाच आख बदलण्यासाठी सुताराचे घर गाठणारा गाडीवान आमच्या तरी ऐकिवात नाही. परंतु हाच शहाणा गृहस्थ मोटारीचा मालक झाला आणि ॲक्सिलरेटर दाबताच ती गचके खाऊ लागली, की तो तडक गॅरेजात जातो आणि "गिअरबॉक्स गेला वाटते" असे स्वतःच सांगून मोकळा होतो. मग मिस्त्रीनेही "बॉक्स उतरवा लागते, भाऊ" असे म्हटले तर त्यात नवल ते काय? रोगाचे नाव रोग्यानेच सांगितले. वैद्याने फक्त मान डोलावली.

आमचे आजचे सांगणे एवढेच आहे की, हिसका हे लक्षण आहे, रोग नव्हे. ज्याच्यावर सर्वांत आधी आळ येतो तो गिअरबॉक्स पुष्कळदा निर्दोष असतो, आणि खरा अपराधी त्याच्या पुढे किंवा मागे स्वस्थ बसलेला असतो. त्याला शोधण्याची एक रीत आहे. ती रीत यंत्रशास्त्राची पदवी नसलेल्यालाही साधते.

ही रीत शिकण्याची गरज काय, असे कोणी विचारील. गरज दोन कारणांनी आहे. पहिले कारण जिवाचे. गुरुकुंज मोझरी अमरावती-नागपूर महामार्गावर आहे. आजारी माणसाला अमरावतीला किंवा नागपूरला न्यायचे तर हाच रस्ता. गावातल्या रस्त्यावरून महामार्गावर चढताना मागून मालट्रक येत असतो. ताशी ८० किलोमीटरने येणारा ट्रक दोन सेकंदांत सुमारे ४४ मीटर जवळ येतो. नेमकी तेवढीच दोन सेकंदे आपल्या गाडीने अंग चोरले, तर काय होईल हे सांगायला नको. दुसरे कारण पैशाचे. स्पार्क प्लगचे काम किरकोळ खर्चात निघते. गिअरबॉक्स उघडायचे म्हटले की आकड्याला शून्ये चढू लागतात. कर्जाचे हप्ते फेडत भाड्याची गाडी चालवणाऱ्याच्या घरी या दोन आकड्यांमधला फरक म्हणजे मुलांच्या शाळेची फी असते. शिवाय बॉक्स उतरवून, जोडून, पैसे मोजून गाडी घरी आणली आणि पहिल्याच चढावर तिने पुन्हा हिसका दिला, म्हणजे माणसाचा मिस्त्रीवरचाच नव्हे, तर माणुसकीवरचाही विश्वास डळमळतो.

आता मोटारीतील शक्तीचा प्रवास पाहू. इंजिनात पेट्रोल जळते आणि त्याचा दांडा फिरू लागतो. त्या फिरण्याला क्लच धरतो किंवा सोडतो. क्लचमागे गिअरबॉक्स. गिअरबॉक्समधून निघालेली गती ड्राइव्ह शाफ्ट व त्याच्या जॉइंटांमार्फत चाकांना मिळते. गाडीची पुढची चाके ओढणारी असतील तर हे सारे पुढेच असते. मागची चाके ढकलणारी असतील तर गाडीच्या पोटाखालून एक लांब शाफ्ट मागे जातो. म्हणजे आपल्या बैलगाडीत जसे बैल, जू आणि चाक, तसे येथे इंजिन, क्लच आणि शाफ्ट. फक्त मध्ये एक नवा मध्यस्थ आला आहे, तो गिअरबॉक्स.

हा मध्यस्थ हवा कशाला? लहान मोटारीचे चाक एका फेऱ्यात सुमारे पावणेदोन मीटर अंतर कापते. ताशी ४० किलोमीटर वेगाला ते चाक मिनिटाला पावणेचारशेच्या आसपास फेरे घेते. पण पेट्रोल इंजिन एवढ्या मंद फेऱ्यांवर नीट चालतच नाही. नुसते उभे राहून गुरगुरायलाही त्याला सात-आठशे फेरे लागतात, आणि ओझे ओढायला दोन हजारांच्या पुढे जावे लागते. तेव्हा वेग कमी करून जोर वाढवणारा कोणी तरी मध्ये पाहिजे. पहिल्या गिअरमध्ये जोर अधिक, वेग कमी. वरच्या गिअरमध्ये वेग अधिक, जोर कमी. एका हाताने द्यायचे ते दुसऱ्या हाताने घ्यायचे, हाच या संसाराचाही नियम!

आता मुद्द्याची गोष्ट ऐका. या साखळीतला कोणताही दुवा अशक्त झाला, तरी गाडी आरामात चालत असताना तो बोलत नाही. तो बोलतो भार पडला की. आपण ॲक्सिलरेटर दाबतो तेव्हा इंजिनात हवेचा व पेट्रोलचा मोठा घास जातो, दाब वाढतो, आणि त्या वाढलेल्या दाबात ठिणगी पाडायला प्लगला अधिक विजेचा जोर लागतो. दमलेला प्लग किंवा कॉइल सपाटीवर निभावून नेतो आणि चढावर चुकतो. अर्धवट तुंबलेला फिल्टर कमी पेट्रोल पुरते तोवर गप्प असतो, अधिक मागितले की हात वर करतो. इंजिन ज्या रबरी माउंटिंगांवर बसवलेले असते, ती फाटली असतील तर जोर येताच सारे इंजिनच अंग झटकते. तेलकट झालेली क्लच प्लेट भार आला की थरथरते. कारणे चार, पण बसणाऱ्याच्या पाठीला हिसका एकच! म्हणूनच सर्वांचा आळ एकावर जातो. संकटात माणूस कळतो म्हणतात. तशी चढावर गाडी कळते. मात्र नुसते 'काही तरी बिघडले' एवढेच कळते. काय बिघडले हे विचारून घ्यावे लागते.

कसे विचारावे? हत्याराला हात लावण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : हिसका नेमका कधी येतो? गाडी उभी असताना निघते तेव्हा, क्लचचा पाय अर्धा वर येईपर्यंत ती थरथरते आणि पाय पूर्ण सुटला की शांत होते, असे असेल तर दोष बहुधा क्लचकडे आहे. पाय दाबताना किंवा उचलताना 'खट्' असा एकच ठोका बसतो, तर कोठे तरी सैलपणा आहे. माउंटिंग किंवा जॉइंट पाहावा. धावताना लागोपाठ गचके बसतात, तर पुढच्या प्रश्नाकडे वळावे.

दुसरा प्रश्न हा सर्वांत मोलाचा. हिसका कोणाशी बांधलेला आहे? इंजिनाच्या फेऱ्यांशी, रस्त्यावरच्या वेगाशी, की एखाद्या गिअरशी? समजा, तिसऱ्या गिअरमध्ये २,५०० फेऱ्यांवर गचका येतो, आणि चौथ्यातही २,५०० फेऱ्यांवरच येतो. दोन्ही वेळी गाडीचा वेग निराळा आहे. मग संशय इंजिनावर. तिसऱ्यात आणि चौथ्यात तो ताशी ५० च्या वेगालाच येत असेल, फेरे काहीही असोत, तर संशय शाफ्ट, जॉइंट व चाकांवर. आणि केवळ दुसऱ्या गिअरमध्येच येतो, अन्यत्र मुळीच नाही, असे असेल तरच गिअरबॉक्सचे नाव घ्यावे. एका रुपयाचाही खर्च न करता तीन आरोपींपैकी दोघे येथे सुटतात.

तिसरा प्रश्न : फेरे दाखवणारा काटा त्या वेळी काय करतो? हिसक्याबरोबर काटा खाली झुकत असेल तर इंजिन दम टाकते आहे. काटा वर पळतो पण गाडी पुढे जात नाही, तर क्लच किंवा स्वयंचलित गिअरबॉक्स घसरतो आहे. काटा स्थिर आणि अंगाला मात्र धक्का, तर बहुधा माउंटिंग किंवा जॉइंट. काटा पाहण्याचे काम शेजारी बसलेल्याने करावे. चालकाची नजर रस्त्यावरच असावी.

ही परीक्षा खड्ड्यांच्या रस्त्यावर होत नाही. तेथे प्रत्येक हिसक्याचे खापर खड्ड्यावर फुटते. २०२२ च्या जून महिन्यात अमरावती आणि अकोला यांच्या दरम्यान ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरून जागतिक विक्रम नोंदवला गेला. सलग, सपाट रस्त्याचा प्रवासाला फायदा असतोच, पण निदानालाही असतो. गाडीचा दोष झाकायला तेथे खड्डा उरत नाही.

आता एकेका दुव्याकडे वळू आणि उपायही पाहू.

इंजिनाची तपासणी सर्वांत स्वस्त, म्हणून ती पहिली. गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये फेरे हळूहळू वाढवावेत. तेथेच इंजिन अडखळले तर त्याचा गुन्हा सिद्ध झाला. अडखळले नाही तर मात्र ते निर्दोष ठरत नाही. कारण भार नव्हता. मग एअर फिल्टर काढून पाहावा. उन्हाळ्याच्या धुळीत तो गोधडीसारखा मळतो. प्लग काढून त्यांची टोके पाहावीत; झिजले किंवा काजळले असतील तर पूर्ण संच बदलावा. पेट्रोलचा फिल्टर, हवा आत घेणारा थ्रॉटलचा भाग आणि त्यालगतच्या रबरी नळ्या पाहाव्यात. नळी चिरली तर मोजमापाबाहेरची हवा आत शिरते आणि मिश्रण बिघडते. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते व इथेनॉल पाणी ओढते. म्हणून महिनोन्महिने उभी राहिलेली गाडी हिसके देऊ लागली, तर टाकीतल्या इंधनाचाही विचार करावा. डिझेल गाडीत ठिणगीचा प्लग नसतो. तेथे डिझेल फिल्टर, त्यात साचलेले पाणी आणि टर्बोची नळी पाहावी.

अलीकडच्या गाड्यांत आपली दुखणी स्वतः नोंदवून ठेवणारा संगणक असतो. डॅशबोर्डखालच्या खाचेत स्कॅनर जोडला की तो आकड्यांची खूण सांगतो. पी ०३०० म्हणजे इंजिनाची ठिणगी किंवा ज्वलन चुकते आहे. पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरात चुकते आहे. पण खूण म्हणजे निकाल नव्हे. तो फक्त घराचा पत्ता सांगतो, घरातला अपराधी कोण हे सांगत नाही. जेथे प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असते, तेथे एक सोपी युक्ती आहे. पहिल्याची कॉइल दुसऱ्याला लावावी आणि गाडी फिरवून आणावी. खूण पी ०३०२ झाली तर दोष कॉइलबरोबर चालत गेला, कॉइल बदला. खूण जागेवरच राहिली तर कॉइल निर्दोष. प्लग, इंजेक्टर पाहा. नवा सुटा भाग विकत न घेता मिळवलेला हा पुरावा आहे.

यानंतर क्लच. क्लच प्लेट झिजली की ती घसरते, तिला तेल लागले की ती थरथरते. येथे पुष्कळांचे नुकसान एका घाईने होते. प्लेट बदलली जाते, पण तेल आले कोठून हे पाहिले जात नाही. इंजिनाच्या मागचे किंवा गिअरबॉक्सच्या पुढचे सील गळत असेल तर नवी प्लेटही त्याच तेलात न्हाते. छप्पर न शाकारता ओल्या भिंतीला रंग देण्यासारखाच हा प्रकार! सील आधी, प्लेट नंतर. आणि बॉक्स उतरलाच आहे तर प्लेट, प्रेशर प्लेट व रिलीज बेअरिंग एकत्रच बदलणे हिताचे. कारण खरी मजुरी उतरवण्या-चढवण्याची असते.

क्लच मरतो तो बहुधा आपल्याच पायाने. आश्विनात येथे पुण्यतिथी महोत्सवाला गर्दी लोटते आणि वाहने मुंगीच्या पावलांनी सरकतात. अशा वेळी हाफ क्लचवर गाडी रेटत राहिले की प्लेट तापून काचेसारखी गुळगुळीत होते. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना, पुढची गाडी थांबली म्हणून हँडब्रेक न ओढता क्लचवरच गाडी तोलून धरणारे चालक आपण पाहतो. थोडे अंतर सोडावे, पूर्ण थांबावे, मग निघावे. आणि धावताना डाव्या पायाला क्लचवर विसावा देऊ नये. विसाव्यासाठी बाजूला जागा असते.

माउंटिंगची परीक्षा दोघांनी करावी. बॉनेट उघडावे, चाकांना दगड लावावेत, हँडब्रेक व ब्रेक दोन्ही घट्ट धरावेत. मग चालकाने पहिला गिअर टाकून क्लच किंचितच सोडावा. इंजिन थोडे झुकणारच. पण ते उसळी मारत असेल तर रबर फाटले. पाहणाऱ्याने बाजूला उभे राहावे. गाडीपुढे कदापि उभे राहू नये.

जॉइंटांचे बोलणे वेगळे असते. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना 'कटकट' आवाज आला तर चाकाकडचा जॉइंट. सरळ रस्त्यावर जोर देताच गाडी थरथरली आणि पाय उचलताच थांबली तर आतला जॉइंट. त्यावरचे रबरी बूट फाटले की ग्रीस बाहेर पडते, धूळ आत जाते. वेळीच बूट बदलले असते तर जॉइंट वाचला असता, ही कथा फार घरी ऐकू येते. मागची चाके ढकलणाऱ्या गाडीत लांब शाफ्टच्या टोकाचे क्रॉस हलवून पाहावेत.

एवढे सारे निर्दोष ठरल्यावर गिअरबॉक्सकडे बोट दाखवावे. हाताने गिअर टाकण्याच्या बॉक्समध्ये प्रथम तेलाची पातळी पाहावी, मग गिअरच्या दांडीची जोडणी. गिअर टाकताना करकर होते तो बहुधा सिंक्रोमेशचा किंवा पूर्ण न सुटणाऱ्या क्लचचा दोष. त्याचा जोर देतानाच्या हिसक्याशी संबंध लावू नये. १९२८ साली अमेरिकेतील कॅडिलॅक गाडीत सिंक्रोमेश प्रथम आले, आणि दोन फिरत्या चक्रांचा वेग आधी जुळवून मग त्यांना गुंतवण्याची सोय झाली. एखादा गिअर जोर देताच आपोआप सुटत असेल, आणि जोडणी व माउंटिंग ठीक असतील, तर मात्र बॉक्स उघडण्यावाचून गत्यंतर नाही.

स्वयंचलित गिअरच्या गाड्यांचे प्रकार अनेक, आणि 'ऑटोमॅटिक' या एका नावाखाली त्यांची गल्लत होते. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओपासून आपल्याकडे सामान्यांच्या गाडीत जो प्रकार रुळला, त्यात बॉक्स व क्लच जुनेच असतात. फक्त पायाचे व हाताचे काम यंत्र करते. गिअर बदलताना शक्ती क्षणभर तुटते, म्हणून गाडीने हलकी मान डोलावणे हा तिचा स्वभाव आहे, आजार नव्हे. गिअर बदलण्याच्या क्षणी पाय किंचित सैल केला तर तेही कमी होते. पूर्वी नव्हता असा हिसका येऊ लागला, तर क्लच झिजला असेल किंवा तो नेमका कोठे धरतो हे यंत्राला नव्याने शिकवावे लागेल. ते काम योग्य स्कॅनर असलेल्याचेच.

दुसऱ्या प्रकारात क्लचऐवजी तेलातून शक्ती जाते. ही कल्पना जर्मन अभियंता हेरमान फ्योटिंगर याने १९०५ मध्ये जहाजांसाठी मांडली होती. येथे तेल हेच सर्वस्व. नवे तेल बहुधा तांबडे असते. ते काळसर झाले आणि जळका वास आला तर इशारा समजावा. मध्यम वेगाला हलका जोर देताना, खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर झाली, तर पुष्कळदा योग्य तेल व फिल्टर बदलून ती थांबते. तिसऱ्या प्रकारात पोलादी पट्टा दोन पुल्यांवरून फिरतो. त्याचे तेल वेगळे, त्यात दुसरे ओतले तर पट्टा घसरून बॉक्सच निकामी होतो. चौथ्यात दोन क्लच असतात आणि संथ गर्दीत ते तापतात. अशा वेळी थांबून त्यांना निवू द्यावे. चारांनाही एकच नियम : हस्तपुस्तिकेत लिहिलेलेच तेल, लिहिले तेवढेच. कमी झाले तर घसरते, अधिक झाले तर फेसाळते.

शेवटी मिस्त्रीविषयी. तो आपला शत्रू नव्हे. वऱ्हाडात उन्हाचा पारा ४५ अंशांवर गेलेला असताना तापल्या इंजिनाखाली पाठ टेकणाऱ्या माणसाचा आदरच केला पाहिजे. त्याला निदान सांगू नये, लक्षणे सांगावीत. "गिअरबॉक्स पाहा" असे न म्हणता, "गरम झाल्यावर, तिसऱ्यात आणि चौथ्यातही, २,५०० फेऱ्यांवर गचका येतो, काटा खाली झुकतो" असे म्हणावे. ही माहिती कागदावर लिहून नेली तर अधिक चांगले. त्याला शेजारी बसवून हिसका प्रत्यक्ष दाखवावा. एका वेळी एकच भाग बदलावा आणि गाडी फिरवून पाहावी. चार भाग एकदम बदलले तर दोष गेला तरी कोणामुळे गेला हे कळत नाही, आणि तीन भागांचे पैसे फुकट जातात. खर्चाचा अंदाज आधी लिहून घ्यावा, काढलेले भाग परत मागावेत. प्रामाणिक कारागिराला यात अपमान वाटत नाही. उलट, नीट सांगणारे गिऱ्हाईक मिळाल्याचा त्याला आनंदच होतो.

आणि एक सावधगिरी. महामार्गावर गाडी वारंवार दम टाकत असेल, किंवा लाल दिवा लागला असेल, जळका वास येत असेल, तर 'घरापर्यंत जाऊ' हा मोह सोडावा. धोक्याचे दिवे लावून गाडी पूर्ण कडेला घ्यावी आणि माणसांनी तिच्यापासून दूर उभे राहावे. तळेगावजवळचा सत्याग्रही घाट चढताना तर ही खबरदारी दुपटीने घ्यावी.

सारांश, लक्षण नीट पाहावे, स्वस्त आणि सोपे आधी तपासावे, पुरावा मिळाल्याखेरीज कोणालाही दोषी धरू नये, आणि मूळ गळती न थांबवता वरचा भाग बदलू नये. आधी बैलाचा पाय, मग जू, मग आख, हा आपल्या गाडीवानाचा क्रम जुना झालेला नाही. तो फक्त बॉनेटखाली नेऊन लावायचा आहे. एवढे साधले तर पैसा वाचेल, गाडी टिकेल, आणि महामार्गावर चढताना ट्रक मागून येत असेल तेव्हा पायाखालच्या पेडलवर विश्वास ठेवता येईल.